साडेतेरा तास म्हणे!

बडोदा ते न्यूयॉर्क, अंतर सुमारे 12,200 किलोमीटर, विमानाने लागणारा वेळ साडेतेरा तास. दोन गावांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणाऱ्या एका पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय. अरे, कुठलं विमान? बडोद्याच्या हरणी विमानतळावरून थेट न्यूयॉर्कला जाणारं एक तरी विमान दाखवा मला! नाहीच आहे. नकाशावरच्या अंतराला 900 ने भागलं आणि आलेला आकडा दिला ठोकून. त्यावर भरवसा ठेवून कोणी म्हातारं माणूस घराबाहेर पडेल, हा विचारच नाही.

माझी आई 74 वर्षांची, डायबेटिसची पेशंट. जानेवारीत एकटी ताईकडे न्यू जर्सीला गेली. तो आकडा खरा मानून, वर चार तास जास्तीचे धरून मी तिच्या गोळ्यांचा कागद केला. तेवढ्याच पर्समध्ये, बाकीच्या मोठ्या बॅगेत.

आणि झालं काय? दांडिया बाजारातल्या घरातून दुपारी 4 ला निघाली. तासाभराचं मुंबईचं विमान, मग रात्री दीडपर्यंत खुर्चीत बसून. पुढे 16 तास हवेत. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, मग ताईची गाडी. घरी पोचली तेव्हा बडोद्यात रात्रीचे साडेआठ वाजले होते, दुसऱ्या दिवशीचे! साडेअठ्ठावीस तास. गोळ्या वाटेतच संपल्या. ताईने फोनवर मला जे सुनावलं ते मी गप्प ऐकून घेतलं, कारण माझ्या हातात तोच साडेतेरा तासांचा छापील कागद होता.

तिकीट तरी नीट लिहायचं! निघणे 1:30, पोचणे 7:00. दोन्ही त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. हे कुठे मोठ्या अक्षरांत आहे? शेजारच्या काकू तिकीट बघून म्हणाल्या, "अगं, साडेपाच तासांत पोचतेस की!" त्यांची काय चूक?

शिवाय विमान काही फूटपट्टीने आखलेल्या रेघेवरून जात नाही. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा किती विमानांना वळसा घालावा लागला, हे सगळ्यांनी वाचलंय. त्या आकड्याला त्याचा पत्ताच नाही. वाऱ्याचाही नाही. उंचावरचा तो जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून अमेरिकेला जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी. यांच्याकडे जाताना साडेतेरा, येताना साडेतेरा!

"सरळ रेषेतलं अंतर, प्रत्यक्ष प्रवासाचा वेळ वेगळा" एवढं एक वाक्य त्या आकड्याखाली लिहायला काय पैसे पडतात?

आई एप्रिलमध्ये परत येतेय. ताईला सांगितलंय, तीन दिवसांच्या गोळ्या पर्समध्येच ठेव.