ग्रामसभा गेली, तिच्या जागी काय आलं?

नमस्कार मंडळी,

पुणे महापालिकेची निवडणूक होऊन गेली, गुलाल धुऊन झाला. आता जरा शांतपणे बोलता येईल, म्हणून हे लिहितेय. पोस्ट लांब आहे. सिंहगड रस्त्याकडच्या आणि एकूणच समाविष्ट गावांतल्या लोकांनी ती पूर्ण वाचावी, ही विनंती.

30 जून 2021 ला राज्य शासनानं 23 गावं पुणे महापालिकेत घेतली. किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, नांदोशी, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी बुद्रुक वगैरे. क्षेत्रफळानं पुणे आता मुंबईपेक्षा मोठी महापालिका, अशा बातम्या तेव्हा झळकल्या. आमच्या ग्रामपंचायती मात्र गेल्या. पुढे 14 मार्च 2022 ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयाच्या तारखा असं करत करत मतदान झालं ते थेट 15 जानेवारी 2026 ला.

म्हणजे साडेचार वर्षं आम्हाला सरपंच नव्हता आणि आम्ही निवडून दिलेला नगरसेवकही नव्हता. बाकीच्या पुण्याला निदान माजी नगरसेवक तरी होते, ज्यांचा फोन नंबर लोकांकडे होता. 23 गावांनी महापालिकेसाठी तोवर मतदानच केलं नव्हतं. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं संविधानाचं 243-यू कलम स्पष्ट सांगतं. तरीही हे घडलं आणि आपण ते मुकाट्यानं चालू दिलं.

या मधल्या काळातच जानेवारी 2025 उजाडला. गिया बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही नावं देशभरच्या बातम्यांत आली. राज्यातल्या संशयित रुग्णांचा आकडा 200 च्या वर गेला, त्यातले बहुतेक पुणे परिसरातले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो, इंजेक्शनांचा खर्च सामान्य घराला झेपणारा नाही. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, नोरोव्हायरस सापडला, आणि बोटं पाण्याकडे वळली. नांदेडच्या विहिरीतलं पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता फक्त क्लोरिन टाकून नळाला येत होतं, हे तेव्हा राज्यभर कळलं. आम्हाला ते आधीपासून माहीत होतं, पण सांगायचं कुणाला? धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण इथे शब्दशः खरी आहे. खडकवासल्याचं पाणी शुद्ध होऊन कोथरूड, शिवाजीनगरला जातं आणि धरणाच्या भिंतीखालच्या गावांना टँकर.

मला यात पाण्याइतकीच दुसरी एक गोष्ट टोचते. ग्रामपंचायत असताना गावात जलसुरक्षक असायचा. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली का, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन आहे का ते बघायची चाचणी) केली का, हे बायका त्याला रस्त्यात थांबवून विचारायच्या. उत्तर पटलं नाही तर तो विषय ग्रामसभेत निघायचा. आर्थिक वर्षात चार ग्रामसभा घ्यायच्याच, हा कायदा आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा गावातल्या पोरांनाही पाठ. जमाखर्चाचं वाचन व्हायचं, लाभार्थ्यांची यादी मोठ्यानं वाचली जायची आणि यादीत ज्याचं नाव नको तिथे दिसायचं, त्याच्याकडे सगळे वळून बघायचे.

ग्रामसभेचं मला उगाच कौतुक करायचं नाही. गणपूर्ती होत नाही म्हणून तहकूब झालेल्या सभा मी पाहिल्यात. भावकीची भांडणं तिथे निघायची. एकाच घराण्याचा शब्द चालायचा. बायका मागे ओट्यावर बसायच्या आणि त्यातली कुणी बोलायला लागली की चुळबुळ सुरू व्हायची. आज ज्या बेकायदा इमारतींना, चिंचोळ्या रस्त्यांना आणि बुजवलेल्या ओढ्यांना आपण नावं ठेवतो, त्यातलं बरंच ग्रामपंचायतींच्या काळातलं आहे, तेही नाकारता येणार नाही. पण एक हक्क होता. गावातला कोणताही मतदार, कसलीही ओळख नसताना, उभा राहून विचारू शकत होता की अमुक पैसे कुठे गेले. आणि सरपंच, ग्रामसेवकाला तिथल्या तिथे काहीतरी उत्तर द्यावं लागायचं. खोटं दिलं तरी ते सगळ्यांसमोर दिलेलं असायचं.

महापालिकेत आलो आणि तो हक्क गेला. आता ॲपवर तक्रार करायची. फोटो टाकायचा, टोकन नंबर यायचा, काही दिवसांनी ‘तक्रार निकाली’ असा मेसेज यायचा. खड्डा तिथेच. आमच्या शेजारच्या आजोबांना स्मार्टफोन वापरता येत नाही. ग्रामसभेत मात्र ते पहिल्या रांगेत असायचे. त्यांनी आता कुठे जायचं?

त्यात जबाबदारीचे तुकडे किती! गावं महापालिकेत आली, पण 2021 मध्येच शासनानं या 23 गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नेमलं. इमारतींना परवानगी एकीकडून आणि त्या इमारतींतल्या माणसांना पाणी, ड्रेनेज देण्याचा भार दुसरीकडे. नळजोड नसताना टॉवर उभे राहिले आणि प्रत्येक टॉवरमागे टँकरची रांग वाढली. सोसायट्यांच्या मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च हाच सगळ्यात मोठा आकडा झालाय, हे इथल्या कुठल्याही सोसायटीच्या चेअरमनना विचारा.

मिळकतकराचंही तेच. कर भरमसाट म्हणून आंदोलनं झाली आणि 2024 च्या निवडणुकांच्या तोंडावर वसुलीला स्थगिती मिळाली. त्याचे फ्लेक्स लागले, पेढे वाटले गेले. माझं मत अनेकांना आवडणार नाही, तरी मांडते. स्थगिती ही काही सोय नव्हे. थकबाकी कागदावर राहते आणि ‘तुम्ही कर भरत नाही, मग सुविधा कशा मागता’ हे ऐकून घ्यावं लागतं. कर न्याय्य ठरवा, आम्ही भरू, आणि भरलेल्या करातलं आमच्या भागात काय खर्च झालं ते आमच्यासमोर वाचून दाखवा. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2017 मध्ये महापालिकेत आली आणि 2024 मध्ये बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. शहराचा कचरा वर्षानुवर्षं ज्यांनी उरावर घेतला, त्यांना शहरात राहावंसं वाटलं नाही, याचा विचार कधीतरी व्हायला हवा.

आता निवडून आलेल्यांविषयी. आपल्याकडे एका प्रभागात चार नगरसेवक. मुंबईत एका वॉर्डाला एक. बाकी महापालिकांत बहुसदस्यीय पद्धत. पुण्यात 2007 ला एक, 2012 ला दोन, 2017 ला चार, मध्ये तीनचा घाट घातला गेला आणि परत चार. नागरिकांना काय सोयीचं, हा प्रश्न यात कुठेच नव्हता. चार जण असले की कामाचं श्रेय चौघांचं आणि न झालेलं काम कुणाचंच नाही. माझा या पद्धतीला विरोध आहे आणि तो कुठल्याही एका पक्षाला नाही, कारण सोयीनुसार आकडा सगळ्यांनीच बदललाय.

पण पद्धत बदलेपर्यंत थांबायचं कशाला? 2009 साली महाराष्ट्रानं महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. भागातले सगळे मतदार तिचे सदस्य. म्हणजे शहरातली ग्रामसभाच. शहरांच्या विकासासाठीच्या केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून निधी हवा होता, त्याची ती एक अट होती. निधी आला, गेला, संपला. क्षेत्रसभा कागदावरच राहिली. पुण्यातल्या कुठल्या पेठेत, कुठल्या उपनगरात क्षेत्रसभेची दवंडी ऐकलीय का कुणी?

नव्या नगरसेवकांकडे माझं मागणं एवढंच आहे. ‘स’ यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या निधीतून, बाकडी बसवू नका, स्वतःच्या नावाच्या कमानी नकोत, कापडी पिशव्या नकोत, चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवे टाकू नका. क्षेत्रसभा घ्या. चौघांनी मिळून घ्या, पक्ष वेगळे असले तरी. क्षेत्रीय कार्यालयातले पाणी, ड्रेनेज आणि पथ विभागाचे अभियंते समोर बसवा. अंदाजपत्रकात आमच्या भागाला काय मिळालं, वर्गीकरणात, म्हणजे निधी दुसऱ्या कामाकडे वळवताना, त्यातलं काय पळालं, आणि मोठ्या जलवाहिनीचं काम नेमकं कुठे अडलंय, ते सांगा. पाण्याच्या तपासणीचा अहवाल मराठीत चौकातल्या फलकावर लावा. याला कोट्यवधींचा निधी लागत नाही.

आणि आपल्याविषयी. आपल्यात गाववाले आणि सोसायटीवाले अशी एक रेघ आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. सोसायटीवाल्यांना वाटतं, गाववाल्यांनी जमिनी विकून पैसे केले आणि रस्ते अरुंद ठेवले. गाववाल्यांना वाटतं, हे बाहेरून आले आणि यांनी आमचं पाणी संपवलं. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. पण जीबीएसच्या वेळी रुग्ण गावठाणातही होते आणि टॉवरमध्येही. ग्रामसभेला सोसायट्यांमधून मोजकी माणसं यायची. ‘ते गावचं राजकारण’ म्हणून बाकीच्यांनी पाठ फिरवली. क्षेत्रसभा झालीच तर तिथेही असंच व्हायला नको.

यंदाच्या 1 मे ला, जुन्या ग्रामसभेच्याच तारखेला, पहिली क्षेत्रसभा घ्यावी, असं निवेदन आम्ही काही बायकांनी तयार केलंय. मारुतीच्या देवळाच्या पारावर रविवारी सकाळी सह्या घेतोय. चारही नगरसेवकांना ते एकाच वेळी, एकत्रच देणार आहोत. ज्या सोसायट्यांना आपल्या गेटवर सह्या घ्यायच्या असतील, त्यांनी कमेंटमध्ये कळवा, कागद पोचवते. येताना शक्य असेल तर गेल्या तीन महिन्यांची टँकरची बिलं घेऊन या, ती निवेदनाला जोडायची आहेत.