कोळीवाडा वर्गात यायला हवा

नवी मुंबईत कुठल्याही शाळेच्या गॅदरिंगला जा, एखादं कोळीनृत्य बहुतेक असतंच. मुलं जीव ओतून नाचतात, मीही मनापासून टाळ्या वाजवते. पण तेवढ्याने शाळेने परंपरा जपली असं मला म्हणवत नाही. घरातल्या आजी-आजोबांना जे येतं, ते वर्गात अभ्यास म्हणून शिकवलं गेलं तरच ते टिकेल.

भरतीचंच घ्या. खाडीवर जाणारी जुनी माणसं तिथीवरून पाणी कधी चढणार ते सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याला जोर कमी. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच पुढे सरकते. पाऊण तासाचा हिशेब त्याच्या किती जवळ जातो बघा! अपूर्णांक, चंद्रकला आणि ठाण्याची खाडी, तिन्ही एकाच तासात. हा तास दिवाळे किंवा सारसोळे गावातल्या एखाद्या नाखवाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, घ्यावा, शिक्षकांनी सोबत बसावं.

तसंच धवल्यांचं, म्हणजे लग्नातल्या विधींच्या गाण्यांचं. आमच्या आगरी-कोळी लग्नात धवलारीण विधीगणिक वेगळे धवले गाते, आणि तिचं सगळं तोंडपाठ असतं. मांडवात डीजे शिरला, तिच्यामागे बसून शिकणाऱ्या पोरी कमी झाल्या. मराठीच्या तासाला ओवी आणि भारूड शिकवतात ना? मग गावातल्या धवलारणीला बोलवा. मुलांनी धवला ऐकावा आणि तिने उच्चारला तसाच आगरी बोलीत उतरवून घ्यावा. "नीट बोल" म्हणत बोलीवरून मुलांना गप्प करणारे शिक्षक मी पाहिलेत. याचा मला फार राग येतो, कारण मग ते पोर घरी आजीशीही कमी बोलायला लागतं.

आपल्या शहराला याची गरज जास्तच आहे. १९७० मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि ९५ गावांच्या जमिनींवर शहराची आखणी झाली. भातशेती गेली, मिठागरं गेली. पूर्वी हे शिकवायला शाळा लागत नव्हती, बांधावर आणि होडीत काम करता करता पोरं शिकायची. आता पोरांचा दिवस शाळेत नि क्लासला जातो. शेजारच्या बाकावर साताऱ्याचा, केरळचा, बिहारचा मुलगा बसतो. तो राहतो ती जमीन कुणाची होती, हे त्यालाही कळू दे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलंय. पालकसभेत मी हेच मांडणार आहे: ते दिवस कोळीवाड्यात घालवा, जाळं विणायला बसवा. आणि शिकवायला येणाऱ्या नाखवाला, धवलारणीला शाल-नारळावर परत पाठवू नका. इतर पाहुण्या शिक्षकांना जे मानधन देता, तेच त्यांनाही द्या.