मेक्सिकोत निवृत्त होणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

उभे आयुष्य नोकरीत घालवून हाती येणाऱ्या पेन्शनमध्ये अमेरिकेत किंवा कॅनडात भागायचे नाही, असा हिशेब ज्यांचा एकदा करून झाला आहे, त्यांनी मेक्सिकोचा विचार अवश्य करावा. आपण ओहायोतील निवृत्त शिक्षक असा, ओंटारिओतील विमा एजंट असा किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घराचे हप्ते फेडता फेडता केस पांढरे झालेले मराठी गृहस्थ असा. हालिस्को राज्यात चापाला सरोवराच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, बारा महिने वसंत ऋतूच असतो असे आपणास अनेक जण सांगतील, आणि ते फारसे खोटेही नाही. तेथील आहिहिक या गावात परदेशी निवृत्तांची वस्ती एवढी दाट आहे की दुकानदारापासून दंतवैद्यापर्यंत पुष्कळांना पोटापुरते इंग्रजी शिकून घ्यावे लागले आहे. सान मिगेल दे आयेंदे हे दुसरे ठिकाण. तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी माजी सैनिक सरकारी खर्चाने चित्रकला शिकायला आले, आणि त्यांनी पाडलेल्या वाटेवरून पुढे निवृत्तांचे तांडे गेले. गाव निवडताना एकच पथ्य पाळावे. गाव अस्सल मेक्सिकन असावे, पण आपल्यासारखी माणसे तेथे आधीच पुरेशी राहत असावीत. आपल्यानंतर मात्र कोणी येऊ नये. आल्यास गाव बिघडले असे म्हणावे.

परवान्याच्या बाबतीत घाई नको. रहिवासाचा अर्ज साधारणपणे मेक्सिकोत बसून करता येत नाही. आपल्या देशातील मेक्सिकन वकिलातीतून व्हिसा घ्यावा लागतो आणि मेक्सिकोत पाऊल ठेवल्यापासून 30 दिवसांच्या आत स्थलांतर खात्यात जाऊन त्याच्या बदल्यात कार्ड मिळवण्याची खटपट सुरू करावी लागते. हे सगळे कोण करतो? त्यापेक्षा पर्यटक म्हणून जावे. पर्यटकाला जास्तीत जास्त 180 दिवस राहता येते. मुदत संपत आली की सीमेपलीकडे जाऊन एक दिवस खरेदी करावी आणि पुन्हा पर्यटक होऊन परत यावे. या रीतीने घर, कुत्रा, माळी आणि ब्रिज खेळणारे मित्र असलेले पर्यटक वर्षानुवर्षे तेथे सुखाने नांदत आले आहेत. हल्ली विमानतळावरचा अधिकारी 180 ऐवजी कमी दिवस लिहून देतो, तेव्हा त्याला आपल्या भावना स्पष्ट शब्दांत ऐकवाव्यात. आपल्या देशात कागदपत्रांवाचून राहणाऱ्या मेक्सिकन माणसांविषयी आपली मते कडक असतील तर ती बदलण्याचे काहीच कारण नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या दोन्ही तीरांवर सारखाच चालतो.

ज्यांना नियमाने वागण्याची खोड आहे त्यांनी उत्पन्नाची अट नीट समजून घ्यावी, कारण तिच्यात मोठी गंमत आहे. तात्पुरत्या रहिवासासाठी दरमहा 300 दिवसांच्या किमान वेतनाइतके उत्पन्न दाखवावे, असे माप मेक्सिकोने ठरवले. वकिलातीगणिक आकडा थोडा मागेपुढे होतो, पण माप हे. 2018 मध्ये मेक्सिकोतील किमान वेतन दिवसाला 88.36 पेसो होते, तेव्हा साडेसव्वीस हजार पेसोंत काम होत असे. नंतरच्या सरकारने दरवर्षी वेतन वाढवत नेले, 2024 मध्ये ते 248.93 पेसोंवर पोहोचले आणि आपली अट पाऊण लाखाच्या घरात गेली. म्हणजे ज्या माळ्याची मजुरी स्वस्त म्हणून आपण हा बेत आखला, त्याच्या मजुरीत वाढ झाली की आपला व्हिसाही तितकाच महागतो. याबद्दल हळहळ व्यक्त करताना ‘गरिबांना चार पैसे जास्त मिळाले याचा आनंदच आहे, पण’ अशी सुरुवात करावी. ‘पण’च्या पुढचा मजकूर हवा तितका लांबवता येतो.

कार्यालयात आपल्या नावाचे काय होईल याचीही मनाची तयारी ठेवावी. मेक्सिकोत आधी स्वतःचे नाव, मग वडिलांकडचे आडनाव आणि शेवटी आईकडचे आडनाव असा क्रम असतो. त्यामुळे आपले मधले नाव रॉबर्ट असल्यास पुढच्या खिडकीवर आपला पुकारा ‘सेन्योर रॉबर्ट’ असा होण्याची शक्यता दाट आहे. (एडिसनच्या गृहस्थांना त्यांच्या कैलासवासी तीर्थरूपांच्या नावाने हाक येईल; त्यांनी ओ द्यावी.) विजेच्या जोडणीपासून बँकेच्या खात्यापर्यंत चार कागदांवर चार नावे झाली की ती एकच व्यक्ती आहे असे सिद्ध करणारा पाचवा कागद मागितला जातो. अशा वेळी आवाज चढवून इंग्रजीतच बोलावे. इंग्रजी पुरेशा मोठ्याने बोलले की कोणालाही समजते, हा अनुभव परदेशस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला आहे.

समुद्रकिनारी, पुएर्तो वायार्ता किंवा मासात्लानला घर घ्यायचे असेल तर आणखी एक अपमान गिळावा लागतो. मेक्सिकोच्या 1917 च्या राज्यघटनेतील 27 व्या कलमानुसार किनाऱ्यापासून 50 किलोमीटर आणि सीमेपासून 100 किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. जमीन बँकेच्या नावे विश्वस्त म्हणून राहते, तिचा उपभोग आपण घ्यायचा, आणि 50 वर्षांनी मुदत वाढवून घ्यायची. सत्तरीत घर घेणाऱ्याने 50 वर्षांनंतरच्या मुदतवाढीची चिंता आजपासून करायला हवी, नाही तर रात्रीची झोप कशी उडायची? परक्यांना जमीन देण्याविषयी या लोकांच्या मनात एवढी अढी का, याचे आश्चर्य चारचौघांत अवश्य व्यक्त करावे. मात्र आपण कॅलिफोर्निया, टेक्सास किंवा ॲरिझोनातून आला असाल तर जरा जपून. 1848 पर्यंत मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख कसा आणि कोणाकडे गेला, हे तेथील शाळकरी पोरांना पाठ असते.

विजेचे बिल दोन महिन्यांनी येते. येते म्हणजे फाटकाच्या गजात खोचलेला एक लांबट कागद सापडतो, तोही पावसाने भिजून वाऱ्याने शेजाऱ्याच्या अंगणात गेला नसेल तर. त्यावर नाव तीन मालकांपूर्वीच्या कोणा सेन्योराचे असते, आणि तरीही प्रत्येक सरकारी कचेरीत पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद मागतात. म्हणून त्या अज्ञात बाईंविषयी मनात कृतज्ञता बाळगावी. घरगुती विजेला सरकारचे अनुदान आहे. चापालासारख्या थंड हवेच्या भागात वर्षभराची सरासरी महिन्याला 250 युनिटांच्या वर गेली की ते बंद होते आणि चढ्या दराच्या वर्गात आपली बदली होते. पोहण्याच्या तलावाचे पाणी तापवणारा पंप, दोन फ्रिज, कपडे वाळवायचे यंत्र आणि पाहुण्यांच्या खोलीतला वातानुकूलक एवढ्या किमान गरजा असलेल्या माणसाला गरिबांसाठीचे अनुदान नाकारले जावे, हा अन्याय आपल्या मित्रमंडळींत संध्याकाळच्या पहिल्या मार्गारीटापासून शेवटच्या मार्गारीटापर्यंत पुरतो.

पाणी जमिनीखालच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत चढते, प्यायचे पाणी 20 लिटरच्या बरण्यांतून येते, गॅसची गाडी आपले गाणे वाजवत येते आणि बाहेर येईपर्यंत निघून जाते. शौचालयातला कागद टोपलीत टाकावा, भांड्यात टाकू नये. एवढ्याने भागते.

आता मुख्य तक्रारीकडे वळू. प्रत्येक गावाला एक संरक्षक संत असतो आणि त्या संताला दारूगोळा फार आवडतो. आहिहिकचा उत्सव संत आंद्रेसचा. 30 नोव्हेंबर हा त्याचा दिवस, पण नऊ दिवस आधीपासून पहाटे, दुपारी, रात्री बाण सुटत असतात. हे बाण उडवणारा माणूस जवळून पाहण्यासारखा असतो. बोरूच्या लांब काडीला दारूची नळी बांधलेली, ती काडी तो बोटांच्या चिमटीत उभी धरतो, तोंडातली सिगारेट काढून वात पेटवतो, वातीने फुरफुर सुरू केली तरी घाई करत नाही, आणि नळीने वर ओढ घेतली की मगच बोटे सैल सोडतो. लगेच पुढची काडी. त्याच्या काखेत अशा काड्यांचा भाराच असतो. वर नुसता धूर आणि आवाज. रोषणाई नावालाही नाही, कारण आवाज देवापर्यंत पोहोचला की काम झाले. सान मिगेलमध्ये सप्टेंबरअखेर संत मिगेलच्या उत्सवात पहाटे चारला चौकात आतषबाजीला तोंड फुटते, आणि सारा गाव त्यासाठी रात्रभर जागा असतो.

तेथे नव्याने राहायला गेलेल्या माणसाने पहिल्या वर्षी या प्रकाराचे कौतुक करावे, मोबाइलवर चित्रफीत काढून नातवंडांना पाठवावी आणि ‘किती जिवंत संस्कृती आहे’ असे लिहावे. दुसऱ्या वर्षी आपल्या कुत्र्याला त्रास होतो असे म्हणावे. तिसऱ्या वर्षी नगरपालिकेकडे इंग्रजीत निवेदन द्यावे आणि उत्सव बंद करा असे न म्हणता ‘सकाळी नऊनंतर, शक्यतो आवाजाविना’ साजरा करण्याची रचनात्मक सूचना करावी. सदाशिव पेठेत फ्लॅट घेऊन गणपतीच्या दिवसांत ढोलांविरुद्ध अर्ज करणाऱ्यांना ही कार्यपद्धती समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र सह्यांची मोहीम फार पुढे नेऊ नये. परदेशी व्यक्तीने देशाच्या राजकीय बाबींत कोणत्याही प्रकारे ढवळाढवळ करू नये असे राज्यघटनेचे 33 वे कलम सांगते, आणि नकोशा परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. संत आंद्रेसचे बाण राजकीय आहेत की नाहीत, याचा निकाल आपल्या खर्चाने लावून घेण्यात अर्थ नाही.

घरकामाला बाई ठेवावी, आणि ती घरच्यासारखीच आहे असे पहिल्या दिवसापासून सर्वांना सांगत राहावे. घरच्या माणसाशी कोणी करार करत नाही, त्याचा विमा उतरवत नाही आणि त्याला भरपगारी रजाही देत नाही, हा या नात्याचा खरा लाभ. दुर्दैवाने मेक्सिकोचा कायदा एवढा भावनाप्रधान नाही. वर्षाअखेरीस किमान 15 दिवसांच्या पगाराइतका अग्विनाल्दो, म्हणजे बोनस, 20 डिसेंबरच्या आत द्यावा लागतो. घरकामगारांना सामाजिक विम्याबाहेर ठेवणे घटनाबाह्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितले आणि आता त्यांची नोंदणी मालकाला सक्तीची झाली आहे. कामावरून काढले तर तीन महिन्यांच्या पगारापासून पुढे हिशेब सुरू होतो. यावर उपाय म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलांकडे कॅनडात जावे. परत आल्यावर बाईंना मेपल सरबताची बाटली द्यावी. कामगार न्यायालयासमोर हा पुरावा कितपत टिकतो ते पाहणे उद्बोधक ठरेल.

पैशांविषयी मत बनवताना लवचिकता ठेवावी. 2020 च्या वसंतात एका डॉलरला जवळजवळ 25 पेसो मिळत होते, तेव्हा मेक्सिको म्हणजे स्वर्ग होता. 2023 च्या मध्यावर ते 17 च्याही खाली आले, तेव्हा देशाचा कारभार बिघडला असे निदान झाले. दुसऱ्याचे चलन स्वस्त राहणे ही त्याच्याच हिताची गोष्ट आहे, हे त्याला समजावून सांगताना धीर सोडू नये. घरभाडे डॉलरमध्ये ठरवले तर घरमालक खूश असतो. शेजारचे कुटुंब मात्र त्याच वर्षी गावाबाहेर राहायला जाते, आणि ती माणसे पूर्वीसारखी हसून बोलत नाहीत याचे आपणास वाईट वाटते. मेक्सिको सिटीत रोमा-कोंदेसा भागात याच कारणावरून 4 जुलै 2025 रोजी, म्हणजे नेमका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, मोर्चा निघाला आणि दुकानांच्या काचा फुटल्या. तेथे संगणक घेऊन बसणारी परदेशी तरुण मंडळी भाडी वाढवतात. आपण निवृत्त आहोत. आपण वाढवतो तेव्हा ती अर्थव्यवस्थेला चालना असते.

तब्येतीचे म्हणाल तर अमेरिकेचे मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, सीमेबाहेर जवळपास कशाचाच खर्च देत नाही आणि ओंटारिओचा सरकारी विमा वर्षात 212 दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास हातचा जातो. सरकारी आरोग्यसेवा म्हणजे साम्यवाद, असे आयुष्यभर मत दिलेल्यांनी अशा वेळी मेक्सिकोच्या सामाजिक विमा संस्थेत ऐच्छिक सदस्य होण्याच्या रांगेत उभे राहावे आणि जुन्या दुखण्यांचे रकाने वाचून संतापावे. किरकोळ आजारांना औषधाच्या दुकानाला लागूनच डॉक्टरची खोली असते. प्रतिजैविकांना 2010 पासून चिठ्ठी लागते म्हणून या खोल्या पुष्कळ वाढल्या. थोडक्या पेसोंत डॉक्टर तपासतात आणि शेजारच्या खिडकीतून औषध मिळते. एवढ्या स्वस्तात बरे वाटू लागले तर रोगनिदानावर शंका घ्यावी.

इच्छापत्र मात्र टाळू नये. ते नोतारिओकडे करतात, आणि हा नोतारिओ म्हणजे आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात शिक्का मारणारा गृहस्थ नव्हे. तो परीक्षा देऊन सरकारने नेमलेला वजनदार वकील असतो, त्याची फीही तशीच वजनदार असते. सप्टेंबर हा मेक्सिकोत इच्छापत्रांचा महिना म्हणून पाळतात आणि त्या महिन्यात नोतारिओ फी बरीच कमी करतात, तेव्हा एवढे दिवस मरण टाळलेच आहे तर सप्टेंबरपर्यंत थांबावे. दस्तऐवज स्पॅनिशमध्ये होतो व मोठ्याने वाचून दाखवला जातो. तो समजत नसेल तर अधिकृत दुभाष्या बसवावा लागतो, आणि त्याच्या फीला सप्टेंबरची सवलत लागू नाही. इतकी वर्षे स्पॅनिशच्या शिकवणीचे वाचवलेले पैसे त्याच्या हातावर ठेवावेत आणि पावती घ्यावी, त्या पावतीवर आपले नाव ‘सेन्योर रॉबर्ट’ असे लिहिले असले तरी.