‘फुकटात आशिया’ बघणाऱ्या तबलावादकाचं उत्तर

मागच्या लेखात मी आशियातल्या दौऱ्यांबद्दल लिहिताना एक साधी मागणी केली होती: दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या दिवसांचाही भत्ता साथीदारांना मिळावा. त्यावर ‘एक रसिक’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. बऱ्याच मित्रांनी ती मला परत पाठवली, जणू मी वाचलीच नसेल. तिच्यातलं एक वाक्य असं: ‘फुकटात अख्खा आशिया बघायला मिळतो, वर हॉटेल, वर मानधन, तरी रडगाणं संपत नाही; रियाज कमी पडतोय बहुतेक.’

रसिक महाशय, मतभेदाचं मला वावडं नाही. पण रियाज कमी पडतोय, हे आपण कुठल्या मैफलीत बसून ठरवलंत? माझे वडील गावच्या कीर्तनात मृदंग वाजवायचे. शाळेचं दप्तर टाकलं की मी त्यांच्या शेजारी बसायचो आणि बोल चुकला की पाठीत धपाटा मिळायचा. माझ्या रियाजाचा हिशेब त्यांनी मागितला असता तर दिला असता. आपल्याला का द्यावा?

आता ‘फुकटात’ मी काय काय बघितलं ते ऐका. सामानाचे पट्टे बघितले, भरपूर. आशियातल्या बऱ्याच विमान कंपन्या हातातल्या सामानाला 7 किलोची मर्यादा घालतात. जड पितळी डग्गा आणि शिसवी तबला, ते ठेवायच्या पेटीसकट, त्यात बसवून दाखवा. नाही बसत, म्हणून पेटी जाते विमानाच्या पोटात. सूर जुळवायची हातोडी तर केबिनमध्ये चालतच नाही. शिवाय आज गाणारे बुवा काळी एकच्या पट्टीचे, उद्याच्या बाई काळी चारच्या, आणि दोन्ही सुरांत एकच तबला लागत नाही, म्हणजे तबलेही दोन. क्वालालंपूरला एकदा हॉटेलवर येऊन पेटी उघडली, तर डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, शाईच्या काळ्या गोलाच्या कडेपासून थेट गजऱ्यापर्यंत, म्हणजे काठाच्या वेणीपर्यंत, फाटलेली. कार्यक्रम त्याच संध्याकाळी. पुडी चढवून देणारा कारागीर तिथे आयत्या वेळी कुठून आणायचा? शेवटी तबला शिकवणाऱ्या एका भल्या माणसाने आपल्या विद्यार्थ्याचा स्टीलचा डग्गा दिला. घिस्सा मारला, म्हणजे तळहात कातड्यावर घासत नेला, की भांडं घासल्यासारखा आवाज यायचा, पण त्यावर निभावलं. ट्विन टॉवर बघितले का? हो, टॅक्सीच्या खिडकीतून.

सिंगापूरही बघितलं. तिथल्या दमट हवेत कातडं ओल धरतं आणि सूर उतरतो. वाद्यांखाली अडकवलेले लाकडी गठ्ठे ठोकून, कातडं ताणून तो वर आणावा, तर हॉलमध्ये एसी, डोक्यावर दिवे. कातडं सुकायला लागतं आणि तोच सूर आपोआप चढतो. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू असताना एका हाताने ठेका धरून दुसऱ्या हाताने गजऱ्यावर हातोडीची टकटक करावी लागते. आपल्यासारखे रसिक तेव्हा पहिल्या रांगेत बसून घड्याळ बघत असतात.

शिसवी लाकडाची तर वेगळीच गंमत. 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या सगळ्या जाती ‘साइट्स’ या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या निर्बंधांत आल्या. तयार वाद्यांना मोकळीक मिळाली ती नोव्हेंबर 2019 मध्ये. मधल्या काळातही विक्रीसाठी नसलेल्या 10 किलोपर्यंतच्या मालाला सूट होती, पण काउंटरवरच्या माणसाला ती ठाऊक असायला हवी ना! तबल्याचं खोड बोटाने वाजवून ‘हे कुठलं लाकूड?’ असं तो विचारतो, तेव्हा मागची रांग आपल्याकडे चोराकडे बघावं तशी बघते. हे दर्शनही फुकटच.

आणि ते मधले ‘रिकामे’ दिवस. मानधन घेऊन जपानमध्ये वाजवायचं तर पर्यटकाचा व्हिसा चालत नाही, कलाकाराचा लागतो. त्याआधी तिथल्या आयोजकाला पात्रतेचा दाखला काढावा लागतो. तो वेळेवर हाती आला नाही की इथे आम्ही बॅग भरून बसलेले. तेवढ्यात दुसरं कुणी दिल्लीला किंवा दुबईला बोलावलं, तर जाता येत नाही. तारीख अडकलेली असते. तारीख अडकवली तर तिचे पैसे द्या, एवढंच मी म्हणालो होतो. यात रडगाणं कुठे ऐकू आलं?

‘भीमसेन जोशी विमानाने, मोटारीने अखंड फिरले, कधी कुरकुरले नाहीत’ असंही आपण सुनावलंत. त्यांच्या नावापुढे मी कान धरतो. लोक त्यांना ‘हवाई गंधर्व’ म्हणत. त्यांच्यामागे बसलेल्या साथीदाराला काय म्हणत, सांगता का? मी लिहिलं होतं त्या माणसाबद्दल, बुवांबद्दल नव्हे. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हे दिसलं असतं.

आपण म्हणता, परदेशातली मंडळं वर्गणीवर चालतात, कार्यकर्ते स्वतःच्या खिशातून घालतात, त्यांनी भत्ता आणायचा कुठून? गणपतीच्या मांडवात वाजवत मी लहानाचा मोठा झालो. मंडळं कशी चालतात, हे मला शिकवू नका. जेवणाच्या मेन्यूला पैसे पुरतात, एवढं बोलून हा विषय सोडतो. काही कलाकार पर्यटक व्हिसावर जाऊन वाजवतात आणि वर नियमांच्या नावाने बोटं मोडतात, असाही एक टोला आहे. तो त्यांना मारा.

बाकी लेखात फोटो फार आणि तेच ते होते, हे म्हणणं मात्र रास्त आहे. अर्धे आजच काढून टाकले.

‘ब्लॉग बंद करा आणि तबल्यावर बसा’ या सल्ल्याबद्दल आभार. दोन्ही चालू राहील. पुढचा लेख जपानच्या व्हिसाच्या कागदपत्रांवर आहे. त्यावर लिहावंसं वाटलं तर खरं नाव घालून लिहा, निनावी प्रतिक्रिया यापुढे इथे दिसणार नाहीत.