अनंताला झालंय काय?

आमच्या गॅलरीतल्या अनंताची पानं पिवळी पडायला लागली आणि इमारतीत किती वैद्य राहतात याचा पत्ता लागला. माणूस आजारी असला तर लोक निदान "डॉक्टरांना दाखवलंत का?" एवढं तरी विचारतात. झाडाला थेट औषध.

समोरच्या नानांनी कुंडीत बोट खुपसून "पाणी जास्त होतंय" असं जाहीर केलं. वरच्या काकूंनी त्याच भोकात बोट घालून "कोरडी ठणठणीत आहे हो!" असा निकाल दिला आणि पदराआडून अंड्याची टरफलं काढली. आमच्या शाकाहारी कुंडीवरचं हे संकट टाळायला सासूबाईंनी तातडीने "दृष्ट लागलीय" असं निदान केलं आणि मीठ-मिरच्या ओवाळल्या. सगळ्यांत निरुपद्रवी उपचार तोच होता. टरफलं म्हणजे शेवटी चुनाच, आणि अनंताला आंबट माती लागते, सामू (म्हणजे पीएच) पाच ते साडेसहाच्या आसपास. आमच्याकडे येतं टँकरचं बोअरचं पाणी. त्याने नळाच्या तोट्या पांढऱ्या होतात, तिथे मातीचं काय!

दुसऱ्या दिवशी नाना गंजके खिळे घेऊन आले. "याला लोह हवंय," म्हणाले, आणि विचारायच्या आत ठोकलेसुद्धा.

शेवटी मी नर्सरी गाठली. पिशवीतून नेलेलं पान माळीदादांनी हातातही घेतलं नाही.

"ताई, पिवळं कुठलं? शेंड्याचं की बुडाचं?"

हा प्रश्न आमच्या धन्वंतरींपैकी एकालाही सुचला नव्हता. बुडाची जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी, कारण झाड ते जुन्यातून काढून कोवळ्या पानांना देतं. लोह मात्र जुन्या पानात एकदा शिरलं की पागडीच्या भाडेकरूसारखं हलत नाही. म्हणून ते कमी पडलं की कोवळी पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमच्या अनंताचं हुबेहूब हेच.

म्हणजे नानांचं निदान बरोबर! औषध तेवढं कुचकामी. मातीत लोह होतंच, पण असल्या चुनखडीच्या पाण्याने ते मुळांना घेता येईना. आणि गंज तर विरघळतच नाही. (नानांना यातलं पहिलं वाक्यच ऐकू आलं.)

माळीदादांनी चिलेटेड लोहाची, म्हणजे मुळांना घेता येईल असं विरघळतं ठेवलेल्या लोहाची, पुडी दिली, ईडीडीएचए नावाच्या प्रकारातली. चुनखडीच्या मातीतही ती चालते. शिवाय जमेल तेव्हा पावसाचं पाणी घालायला सांगितलं. पुडी पाण्यात कालवली की लालभडक रंग होतो, हे मात्र ते बोलले नाहीत.

शेंड्याला हिरवी पालवी धरली. कुंडीखालून ओघळलेलं लोह खालच्या मजल्याच्या भिंतीवर उतरलं. आता लिफ्टशेजारी नोटीस लागली आहे: "गॅलरीतून पान खाऊन थुंकणाऱ्या सभासदांवर कारवाई करण्यात येईल." नाना रोज संशयाने सासूबाईंच्या दातांकडे बघतात.