शाळा शांतपणे समायोजित होऊ द्यावी: आदर्श पालकांसाठी मार्गदर्शन

निरोप रात्री पावणेदहाला व्हॉट्सअॅपवर पडतो. ‘उद्या सकाळी १० वा. शाळा व्यवस्थापन समितीची तातडीची बैठक. विषय: शाळा समायोजन व इतर.’ असा निरोप आल्यावर काय करावं, याबाबत समाजात फार अज्ञान आहे. काही पालक चक्क बैठकीला जातात. परवाचा निरोप वाचल्यापासून वाटत होतं, कुणीतरी मार्गदर्शन करायलाच हवं.

सर्वप्रथम, ‘बंद’ हा शब्द उच्चारू नये. शाळा समायोजित होते, समूह शाळेत (म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून केलेल्या मोठ्या शाळेत) विलीन होते. सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण खात्यानं २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं. यातली एकही बंद होणार नव्हती. कुलूप तेवढं लागणार होतं.

पट कसा मोजतात हे विचारू नये. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात, तोही आधार जुळलेल्या मुलांचा. वर्गात एकवीस पोरं पाढे म्हणत असतील आणि दोघांच्या आधारवर जन्मतारीख चुकली असेल, तर मुलं एकोणीस. उरलेली दोन म्हणजे तुमचा भास. ऑगस्टातच सगळ्यांचं आधार दुरुस्त करून घेण्याचा आततायीपणा टाळावा.

ठरावाच्या रजिस्टरवर सही करताना पान कोरं असलेलं उत्तम. मजकूर मागाहून सुवाच्य अक्षरात लिहिता येतो.

समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. महिलांना मागच्या सतरंजीवर बसवावं. त्यांच्या सह्या यजमान करतातच.

आता अंतर. पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीला तीन. नवी शाळा ‘फक्त ९०० मीटरवर’ आहे असं सांगितलं जाईल. कुठून कुठे, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. नकाशावर या शाळेपासून त्या शाळेपर्यंत सरळ रेघ ओढली की बरोबर ९०० मीटर भरतात. पोरं शाळेत राहत नाहीत, घरी राहतात, हा तपशील झाला. शेवटचं घर जुन्या शाळेच्या अलीकडे ६०० मीटरवर वस्तीवर असतं, हाही तपशीलच. रेघेला ओढा आडवा येत नाही. पोराला येतो. जुलैत पुलावरून वळसा घेतला की त्या ९०० मीटरचे चौदाशे होतात, वर वस्तीचे सहाशे. झाले दोन किलोमीटर. पाठीवर दप्तर घेतलेल्या सहा वर्षांच्या पोराला याला चाळीस मिनिटं लागतात, आणि तितकीच परतताना. म्हणून सांगतो, सगळ्यांत लांबच्या घराच्या उंबऱ्यापासून, पावसाळ्यात, मुलाच्या चालीनं, फोनवर मार्ग नोंदवत चालून बघू नका. रस्त्यात ओढा, हमरस्ता, कुत्र्यांचा अड्डा लागला तर तारखेसह फोटो काढू नका. कारण ही नोंद बैठकीत ठेवली की पुढचा प्रश्न येतो वाहतुकीचा, आणि त्याचं उत्तर तयार असतं: ‘वाहतूक सुविधा देण्यात येईल.’ कोण देणार? कधीपासून? रिक्षावाल्याचं बिल महिन्याला कोण भागवणार? या वाक्याला कर्ताच नाही! एसटीचा मोफत पास म्हणाल तर तो पाचवीपासूनच्या मुलींना. पहिलीतल्या पोरीनं काय करायचं, पाचवीत जाईपर्यंत फाट्यावर उभं राहायचं? आणि दुसरीतल्या तिच्या भावानं? एसटी शाळेच्या वेळेला येते कुठे? कामावर जाणाऱ्या आईनं रोज दोन खाडे करून पोरं पोचवायची का? चार दिवस पोचवेल, पाचव्या दिवशी पोर घरी राहील, आणि मग अहवालात येईल ‘पालकांची उदासीनता’.

असो. शांत राहावं.

दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाकून त्या ९०० मीटरच्या मोजणीचा कागद मागू नये. ३० दिवस वाट कोण बघणार?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ तर वाचूच नका. लेखी तक्रार दिली की स्थानिक प्राधिकरणानं तुमचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील, असलं काहीबाही त्यात लिहिलंय. त्यातही अर्जाची पोच मागू नये. आवक कारकुनाचा चहा गार होतो.

पुरे झालं हे ‘नये नये’. सरळ सांगतो. साहेबांनी रेघ ओढली, तो त्यांचा निर्लज्जपणा. पण त्या रेघेखाली सह्या कुणाच्या आहेत? ज्यांची पोरं तीन वर्षांपूर्वीच पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत गेली, ते बैठकीत पुढच्या रांगेत बसून ‘गावाच्या विकासाला’ पाठिंबा देत होते. तुमचा संबंध काय? आणि ज्यांची पोरं याच शाळेत आहेत, ते पाच मिनिटांत सही करून शेतावर पळाले. विषय वाचला नाही, प्रत मागितली नाही, ‘माझा विरोध नोंदवा’ एवढे तीन शब्द रजिस्टरात लिहिले नाहीत. वस्तीवरच्या घरांना तर बैठक आहे हेसुद्धा कळवलं नाही, कारण ती ग्रुपवर नाहीत. सगळ्यांत लांब चालणार त्यांचीच पोरं. तिथं जाऊन निरोप द्यायला दहा मिनिटं लागली असती, आणि ते काम केंद्रप्रमुखाचं नव्हतं, तुमचं होतं.