ट्रकच्या अपघातात जबाबदार कोण? ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यांनिशी उत्तर

गळीत हंगाम सुरू झाला, रस्त्यावर उसाच्या गाड्या वाढल्या की सातारा-सांगलीकडच्या वाहतूकदारांच्या आणि गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "ट्रकच्या अपघातात चूक कोणाचीही असो, मोठ्या गाडीवरच येतं. मागून धडकला तो दोषी. एफआयआरमध्ये नाव आलं की विषय संपला. ब्रेक फेल झाला असेल तर कोणीच जबाबदार नाही. गाडी नोटरीवर विकली असेल तर जुन्या मालकाचा संबंध संपला. विमा चालू असेल तर खिशातून एक रुपया जात नाही. आणि क्लेमला तीन वर्षं असतात, घाई नको."

यातली पहिली दोन वाक्यंच एकमेकांशी भांडतात. उभ्या ट्रकवर मागून मोटरसायकल आदळली तर दोषी कोण, मोठी गाडी की मागून धडकणारा? मेसेजकडे याचं उत्तर नाही, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न कालवलेले आहेत. गुन्हा कोणाचा, हा प्रश्न फौजदारी कोर्टाचा. निष्काळजीपणा कोणाचा आणि किती, हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. पैसे प्रत्यक्ष कोणी भरायचे, हे आरसी बुक, पॉलिसी, लायसन आणि परमिट पाहून ठरतं. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात आणि अनेकदा येतात.

"मोठ्या गाडीवरच येतं"

असं कलम मोटार वाहन कायद्यात कुठेच नाही. हा समज आला तो बहुधा कलम १६४ वरून. त्या कलमाखाली मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये, चूक सिद्ध न करता मिळतात. ते मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे असतात. गाडी ट्रक आहे की स्कूटर, याचा इथे संबंध नाही. त्याहून जास्त भरपाई हवी असेल तर कलम १६६ खाली दावा करावा लागतो आणि तिथे समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावाच लागतो.

दोन्ही बाजूंची चूक असेल तर कोर्ट टक्के ठरवतं. समजा भरपाई १० लाख ठरली आणि दुचाकीस्वाराची चूक ३० टक्के निघाली, तर त्याला ७ लाख मिळतात. मागे बसलेल्या बायकोच्या किंवा मुलाच्या रकमेतून मात्र हे ३० टक्के कापले जात नाहीत. त्यांच्या दृष्टीने दोन गाड्यांनी मिळून अपघात केला, म्हणून ते पूर्ण रक्कम कोणत्याही एका गाडीकडून मागू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. दुचाकीस्वाराकडे लायसन नव्हतं एवढ्यावरूनही त्याची चूक ठरत नाही. लायसन नसणं हा वेगळा गुन्हा आहे, अपघात त्यामुळे झाला का, हे वेगळं पाहावं लागतं.

"मागून धडकला तो दोषी"

दोन्ही गाड्या चालत असतील तर हे बऱ्याचदा खरं ठरतं. पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला तरी थांबता येईल इतकं अंतर ठेवणं मागच्याचं काम आहे. पण आपल्याकडचे जीवघेणे अपघात बरेचदा उभ्या गाडीवर होतात. पेठ नाक्यापासून सांगलीकडे जाताना किंवा कराडच्या आसपास रात्री पंक्चर झालेली, मागचा दिवा नसलेली, उसाची टिपरं बाहेर आलेली ट्रॉली अर्ध्या लेनमध्ये उभी असते. मागे इशारा म्हणून काय, तर दोन दगड आणि उसाचा पाला.

इथे साधं गणित करून बघा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर कार थांबायला अंदाजे ३५ मीटर. एकूण ६८. भरलेल्या ट्रकला हेच अंतर ८५ ते ९० मीटर लागतं. डिपर खाली असताना प्रकाश जेमतेम ४०-५० मीटर पोचतो आणि समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यांवर असेल तर तेवढंही दिसत नाही. म्हणजे रस्त्यावर परवानगी असलेल्या वेगात, शुद्धीत गाडी चालवणाऱ्यालाही अंधारातली ट्रॉली वेळेत दिसत नाही.

गाडी धोकादायक जागी उभी ठेवणं कलम १२२ खाली गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मधल्या एका निकालात, रात्री महामार्गावर दिव्याविना, इशाऱ्याविना उभ्या केलेल्या चौदाचाकी ट्रेलरवर मागून कार आदळली होती. खालच्या कोर्टांनी चूक निम्मी-निम्मी वाटली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी रद्द केली आणि पूर्ण जबाबदारी ट्रेलरवर टाकली.

तेव्हा गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर चालू, गाडी शक्य तितकी साइडपट्टीवर, आणि मागे निदान ५० मीटरवर, महामार्गावर त्याच्या दुप्पट अंतरावर परावर्तक त्रिकोण. लगेच मोबाईलवर फोटो काढा. कोर्टात प्रश्न येतो तो हाच: त्रिकोण होता का, आणि होता तर पुरावा कुठे आहे? मागून धडकणाऱ्याची बाजू असेल तर ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे फोटो हवेत: रिफ्लेक्टर आहेत का, दिव्याची वायर जोडलेली आहे का. दुसऱ्या दिवशी तिथे नवा रिफ्लेक्टर चिकटवलेला दिसला तर नवल नाही.

"एफआयआरमध्ये नाव आलं की विषय संपला"

एफआयआर ही पहिली खबर आहे, निकाल नाही. अनेकदा ती देणारा माणूस घटनेच्या वेळी तिथे नसतोच. न्यायाधिकरण पंचनामा, दोषारोपपत्र, साक्षीदार, गाड्यांवरच्या खुणा असं सगळं एकत्र बघून 'कोणती गोष्ट जास्त संभवते' असा विचार करतं. फौजदारी खटल्यात मात्र गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. त्यामुळे ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा पडत नाही. तसंच एफआयआर चुकीची असली तरी घटनास्थळाच्या पुराव्याने ती खोडता येते.

म्हणून खरी लढाई पहिल्या आठवड्यात असते. घटनास्थळाच्या नकाशात धडकेची जागा एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासून, किलोमीटरच्या दगडापासून किंवा विजेच्या खांबापासून मोजलेली हवी. काचा, माती आणि सांडलेलं तेल कोणत्या लेनमध्ये होतं, टायर घासल्याच्या खुणा किती लांब, साइडपट्टी किती रुंद, हे लिहिलेलं हवं. गाड्या हलवल्या की पडलेली माती हा धडकेच्या जागेचा सगळ्यात भरवशाचा पुरावा उरतो आणि ती वाहतुकीने तासाभरात पसरते.

ढाब्यावरचं, पंपावरचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग बहुतेक ठिकाणी आठवड्या-पंधरवड्यात पुसून त्यावर नवं चढतं. ते जपून ठेवण्याची लेखी मागणी मालकाकडे आणि पोलिस ठाण्यात त्याच दिवशी द्या. आनेवाडी आणि तासवडे टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या वेळा, गाडीच्या जीपीएसच्या नोंदी, ई-वे बिल आणि वजनकाट्याची पावती एकापुढे एक ठेवली की वेग, माल आणि ड्रायव्हर किती तास सलग चालवत होता, हे तिन्ही बाहेर येतं.

पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. ड्रायव्हर आणि मालकाने आपापले फॉर्म ३० दिवसांत भरून द्यायचे असतात. आपली बाजू मांडण्याची ही पहिली अधिकृत जागा आहे आणि बहुतेक मालक ती रिकामी सोडतात.

आणखी एक. अपघातानंतर जमावाच्या भीतीने ड्रायव्हर पळतो आणि तिथेच त्याची बाजू बिघडते. कलम १३४ प्रमाणे जखमीला मदत देणं बंधनकारक आहे, पण जमाव अंगावर येत असेल तर कायद्याने त्यातून सूट दिली आहे. अशा वेळी सरळ जवळच्या पोलिस ठाण्यात जावं. जास्तीत जास्त २४ तासांच्या आत खबर द्यायची असते, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं.

"ब्रेक फेल झाला तर कोणीच जबाबदार नाही"

'ब्रेक फेल' म्हणून कोणी सुटत नाही. हयगय नव्हती आणि दोष आधी कळण्यासारखा नव्हता, हे दाखवण्याचा भार मालकावर येतो. नुसतं फिटनेस सर्टिफिकेट पुरत नाही. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन वर्षांचं मिळतं, त्या दोन वर्षांत ब्रेकचा लायनर (चाकातल्या ड्रमला घासून गाडी थांबवणारं अस्तर) किती वेळा झिजतो हे कोणताही मेकॅनिक सांगेल.

खंबाटकीचा जुना बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरतानाच्या एस वळणावर जे होतं त्याला बरेचदा अचानक झालेला बिघाड म्हणताच येत नाही. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली की इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड कमी होते, पुशरॉडला, म्हणजे ब्रेक ढकलणाऱ्या दांड्याला, जास्त लांब जावं लागतं. ब्रेकची ढिलाई काढणारा स्लॅक ॲडजस्टर वेळेवर आवळलेला नसेल तर पुशरॉडची हद्द संपते आणि पेडल तळाला जाऊनही गाडी थांबत नाही. वर इंजिन मंद फिरत असल्याने कॉम्प्रेसर हवा हळू भरतो आणि वारंवार पेडल मारून टाकीतली हवा उतरते. 'हवा संपली म्हणून ब्रेक लागला नाही' हा बचावही स्प्रिंग ब्रेक असलेल्या गाडीत टिकत नाही, कारण तिथे हवा गेली की मागची चाकं आपोआप आवळली जातात.

मोटार वाहन निरीक्षक तपासणीत हेच बघतो: लायनर किती उरलाय, ड्रमवर निळसर डाग किंवा तडे आहेत का, हबचं तेल लायनरवर आलंय का, गिअर कोणत्या जागी होता. म्हणून ही तपासणी होईपर्यंत गाडी गॅरेजला हलवू नका. लायनर बदलल्याची बिलं, तारीख आणि किलोमीटरसह, जपून ठेवलेल्या मालकालाच हा बचाव मांडता येतो.

"नोटरीवर विकली, संबंध संपला"

संपत नाही. आरटीओच्या नोंदीत नाव ज्याचं, तोच कायद्याने मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्पष्ट केलं, आणि तिथे गाडी एकापुढे एक अनेकांच्या हातून गेली होती. फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे आरटीओचे अर्ज) नुसत्या सह्या करून देऊ नका. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला स्वतः कळवायचं असतं. घेणाऱ्यानेही तेवढ्याच दिवसांत विमा कंपनीकडे पॉलिसी नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. एमएच १०, ११ किंवा ५०, पाटी कोणतीही असो, पैसे मोजून घेण्याआधी ऑनलाइन नोंद बदलली का ते बघा. कर्जावरच्या गाडीत मात्र फायनान्स कंपनी मालक ठरत नाही. गाडी ज्याच्या ताब्यात, तो मालक. कंपनीने ओढून नेली असेल तर गोष्ट वेगळी.

"विमा आहे, एक रुपया जात नाही"

सगळ्यात जास्त घरं या वाक्याने बुडाली आहेत. त्रयस्थ माणसाला, म्हणजे अपघातात सापडलेल्या बाहेरच्याला, विमा कंपनी सहसा पैसे देते, पण पॉलिसीची अट मोडलेली असेल तर कोर्ट 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देतं. तो आदेश म्हणजे मालकाच्या जमिनीवर आणि ट्रकवर येणारी वसुली. परमिट नसणं, ड्रायव्हर दारू प्यालेला असणं, लायसन नसणं किंवा चुकीच्या वर्गाचं असणं, ही नेहमीची कारणं. लायसनबद्दल एक सवलत पक्की आहे: नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. त्यावरच्या गाडीला ही सूट नाही. लायसन बनावट निघालं तर मालकाने नेमताना काय खातरजमा केली, हे विचारलं जातं. ऑनलाइन पडताळणीचा एक छापील कागद तेव्हा उपयोगी पडतो.

उसाच्या ट्रॅक्टरचं प्रकरण याहून नाजूक आहे. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामाची, आणि तो भाड्याने कारखान्याचा ऊस ओढतोय, मागे विमा नसलेल्या दोन ट्रॉल्या. इथे विमा कंपनी हात वर करते आणि मालक वर्षानुवर्षं कोर्टात अडकतो. ट्रॉलीची नोंद वेगळी, तिचा विमाही वेगळा घ्या. उसाच्या मोळ्यांवर बसून जाणारी ऊसतोड मजुरांची टोळी तर जवळजवळ पूर्ण उघड्यावर असते. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस विम्यात येतो, फुकट बसलेला प्रवासी येत नाही. मजुरांसाठी जादा हप्ता भरून पॉलिसीत संख्या लिहून घेतली असेल तरच त्यांचा प्रश्न सुटतो. ड्रायव्हर-क्लीनरला कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने ठरलेल्या मर्यादेपर्यंत संरक्षण आहे. त्यांच्या घरच्यांनी या कायद्याने दावा करायचा की न्यायाधिकरणात, हे एकदाच निवडायचं असतं.

"तीन वर्षं असतात"

१ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा स्वतः राहता त्या जिल्ह्यातही करता येतो. खंडाळ्याजवळ जखमी झालेल्या जतच्या माणसाने साताऱ्याला खेपा घालण्याचं कारण नाही.

जागेवर मिटवण्याबद्दल एकच सांगायचं. स्टॅम्पपेपरवर भावाने सही केली म्हणून मयताच्या आईचा आणि अज्ञान मुलाचा हक्क जात नाही, आणि मालकाने विमा कंपनीला न विचारता चूक कबूल केली तर तेच तिच्या हातात कोलीत मिळतं.

धडक देणारी गाडी सापडलीच नाही तरी कलम १६१ खाली मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. अर्ज त्या भागाच्या प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. सोबत एफआयआर, शवविच्छेदन किंवा जखमेचा दाखला, ओळखपत्र आणि बँक पासबुकाची प्रत जोडा.